डावीकडून पहिली तार

ढमी ही गाडी होती. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण बाई तिच्याविषयी ज्या तऱ्हेने बोलत, त्यावरून पुष्कळांची फसगत होई. "ढमीला सकाळी जरा खोकला होता," "ढमीचं अंग आज गरम लागतंय," असं बाई कुंपणापाशी उभ्या राहून सांगत. एकदा तर शेजारीण खरोखरच खोकल्याच्या औषधाची बाटली घेऊन दारात आली. बाईंनी ती ठेवून घेतली. ढमीला नाही, पण मास्तरांना उपयोगी पडली.

बाई म्हणजे निवृत्त शिक्षिका. चौतीस वर्षं त्यांनी शाळेत विज्ञान शिकवलं होतं, त्यामुळे सगळी गल्ली त्यांना बाईच म्हणे. त्यांचे यजमानही बाईच म्हणत. त्यांना 'अगं' म्हणायची हिंमत गल्लीत कुणाचीच नव्हती, त्यात तेही आले. यजमानांना सगळे मास्तर म्हणत, पण त्यांचा शाळेशी संबंध गणवेशापुरता. ते शिंपी होते. गळ्यात टेप, खिशात खडू आणि ओठांत टाचण्या. टाचण्या ओठांत धरून ते इतकी वर्षं बोलत आले होते, की आता टाचण्या नसल्या तरी तसेच, ओठ न उघडता बोलत.

घराला लागून पत्र्याची एक शेड होती आणि त्या शेडमध्ये ढमी गेले आठ महिने जागची हलली नव्हती. आधी ती धक्के देत चालली, मग चालता चालता थांबू लागली, आणि शेवटी थांबली ती थांबलीच. मास्तरांना ती जागा हवी होती. कापड कापायला त्यांना एक लांब टेबल मांडायचं होतं. सध्या ते जेवणाच्या टेबलावर कापड कापत आणि मग आमटीत खडूची पूड पडे.

"एक तर ढमी चालेल, नाही तर ढमी जाईल," मास्तर म्हणाले. "मी भंगारवाल्याशी बोललोय. रविवारी चार वाजता तो क्रेन घेऊन येतोय."

"चारपर्यंत ती स्वतःच्या पायांनी पाण्याच्या टाकीपर्यंत जाऊन परत आली तर?" बाईंनी विचारलं.

"तर मी टेबलाचं नाव काढणार नाही."

"लिहून देता?"

मास्तरांनी लिहून दिलं. शेडच्या भिंतीला बाईंनी शाळेतून आणलेला एक जुना फळा टेकून ठेवला होता, त्यावर मास्तरांनी आपल्या खडूने कबूल केलं आणि खाली सही ठोकली. साक्षीदार म्हणून नातीनेही सही केली. नात नऊ वर्षांची. एका जागी कधी उभी राहत नसे म्हणून तिला भिंगरी म्हणत.

बाईंनी वरून हसून दाखवलं, पण ढमी त्यांना हवीच होती. गुडघे दुखायला लागल्यापासून त्यांना चालवत नसे. ढमी होती तोवर मनात आलं की त्या निघत. वाचनालयात, मैत्रिणीकडे, कधी नुसत्याच टाकीपर्यंत वारा खायला. ढमी गेली की मुलाच्या नव्या गाडीत मागच्या सीटवर पार्सलसारखं बसायचं, आणि मुलगा म्हणेल तेव्हा उतरायचं. त्या विचारानेच त्यांचे गुडघे जास्त दुखू लागत.

गंमत अशी की बाईंनी चौतीस वर्षं इंजिन शिकवलं होतं. चार सिलिंडर, चार दट्टे, पेट्रोल आणि हवेचा भुरका, वरून ठिणगी, फट्! फळ्यावर त्या डोळे मिटून आकृती काढत. पण इंजिन उघडलं मात्र एकदाही नव्हतं.

"आकृतीत आणि इंजिनात फरक असतो का गं आजी?" भिंगरीने विचारलं.

"आकृतीत हात काळे होत नाहीत," बाई म्हणाल्या. "बाकी सारखंच."

*

रविवारी सकाळी आठला वर्ग भरला. बाईंनी मास्तरांचा जुना एप्रन चढवला, अंगठी आणि घड्याळ काढून डब्यात ठेवलं. इंजिनाशी काम करताना अंगावर धातू नको आणि सैल बाही नको, हे त्यांनी दोन्ही विद्यार्थ्यांना सांगितलं. दुसरे विद्यार्थी मास्तर. टेबल त्यांना हवं होतं खरं, पण घरात काही उसवलं जात असताना स्वस्थ बसणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

"गळ्यातला टेप काढा," बाई म्हणाल्या.

"टेप कशाला? कापडी आहे."

"पंख्यात अडकला तर पंखा तुमचं माप घेईल."

मास्तरांनी टेप काढला. टेपशिवाय ते उघडेबोडके वाटू लागले.

आधी बॅटरी. बाईंनी उणे खुणेची तार पहिल्यांदा सोडवली. "सोडवताना उणे आधी, जोडताना उणे शेवटी. पाना चुकून बॉडीला टेकला तर ठिणगी उडू नये म्हणून." भिंगरीने ते वहीत टिपून घेतलं. मग जुनं पेट्रोल नळीने डब्यात काढून नवं भरलं, कारण आठ महिने पडून राहिलेलं पेट्रोल आंबल्यासारखा वास मारत होतं. निघालेला प्रत्येक नट आणि बोल्ट अंड्यांच्या रिकाम्या ट्रेमध्ये, निघाला त्याच क्रमाने, एकेका खळग्यात बसला.

"म्हणजे परत लावताना शेवटून पहिल्याकडे यायचं," बाई म्हणाल्या. "शेवटी एकही अंडं उरता कामा नये."

हवेची जाळी काढल्यावर कार्ब्युरेटरचं तोंड उघडं पडलं. पेट्रोल आणि हवा मिसळते ती हीच जागा. आत एखादा नट पडला तर खेळ खलास. म्हणून बाईंनी त्यावर स्वच्छ फडकं झाकायला मागितलं. मास्तरांनी लाल चिंधी दिली. "एक दिली," ते मोठ्याने म्हणाले. दुकानात ते टाचण्याही अशाच मोजून देत आणि मोजून घेत, गिऱ्हाइकाला टोचू नये म्हणून. "परत एक घेणार. नाही तर गाडी सुरू करू देणार नाही."

पाच मिनिटांनी बाईंच्या हातून खरंच एक नट निसटला. टिंग, टिंग, टंग असं करत तो इंजिनाच्या पोटात कुठेतरी खाली गेला. बाई आडव्या होऊन टॉर्चच्या उजेडात शोधू लागल्या. मास्तर उठले, घरात गेले आणि सांडलेल्या टाचण्या गोळा करायचं आपलं लोहचुंबक दोऱ्याला बांधून घेऊन आले. विहिरीत बादली सोडावी तसं त्यांनी ते खाली सोडलं. पहिल्या खेपेला केसांची पिन वर आली. दुसऱ्या खेपेला नट. तिसऱ्या खेपेला, कुणी सांगितलं नसताना, एक चमचा.

"हा दोन वर्षांपासून सापडत नव्हता!" बाई म्हणाल्या.

"आणि बोलणी मी खाल्ली," मास्तर म्हणाले.

मग आले प्लग. चार सिलिंडरना चार प्लग आणि प्रत्येक प्लगच्या डोक्यावर एक जाड काळी तार. चारही तारांची दुसरी टोकं एका गोल टोपीत जात. ती डिस्ट्रिब्युटरची टोपी. कुणाला कधी ठिणगी द्यायची ते तिथे ठरतं. बाई त्याला हजेरीमास्तर म्हणत, कारण तो ठरलेल्या क्रमाने एकेकाला पुकारतो. तारा टोपीतून काढायच्या नव्हत्या; फक्त प्लगवरून उपटायच्या, आणि परत नेमक्या त्याच प्लगवर बसवायच्या.

"इथे भलेभले फसतात," बाई म्हणाल्या. "चारही तारा सारख्या दिसतात. म्हणून काढायच्या आधी नंबर घालायचे. मास्तर, कागद चिकटवला तर तेलाने सुटेल."

"कागद?" मास्तरांनी असा चेहरा केला, की जणू कुणी कोटाची बटणं गोंदाने चिकटवायला सांगितली. "मी शिवतो."

बाई बॉनेटच्या एका बाजूला उभ्या होत्या, मास्तर बरोबर समोर, दुसऱ्या बाजूला. मधे इंजिन. पंखा मास्तरांच्या डाव्या हाताला. मास्तरांनी पांढऱ्या पट्टीवर एक ते चार आकडे घातले, सुई ओवली आणि विचारलं, "एक नंबर कोण?"

"डावीकडून," बाई म्हणाल्या. "एक, दोन, तीन, चार."

मास्तरांनी शिवायला घेतलं. प्रत्येक तारेभोवती पट्टी गुंडाळून दुहेरी टाका आणि शेवटी गाठ. बाईंचं लक्ष भिंगरीकडे होतं, कारण ती तोवर मागच्या सीटवर उड्या मारू लागली होती. "तू पुढे ये. हा ब्रश घे. प्लग काढायच्या आधी भोवतालची माती झाड. नाही तर प्लग निघाला की सगळी आत."

प्लग निघाले. बाईंनी ते फळ्याखाली ओळीने मांडले आणि उत्तरपत्रिका तपासाव्या तसे एकेक नाकाशी धरून पाहिले. "प्लगचं टोक फिकट तपकिरी असेल तर इंजिनाची तब्येत ठीक. हे बघ, चारही काजळासारखे काळे आणि कोरडे. ढमी पेट्रोल जास्त पीत होती आणि हवा कमी. जाळी बुजली होती ना! माणूसही नाक चोंदल्यावर धापा टाकतंच की." जाळी झटकून साफ केली, प्लग घासले, टोकामधली फट पातळ पात्यांच्या गेजने मोजली. मास्तरांनी ती नुसत्या नजरेने सांगितली आणि बरोबर निघाली, तेव्हा बाईंनी त्यांना पाठीवर शाबासकी दिली. काळा पंजा शर्टावर उमटला.

प्लग परत बसवताना बाईंनी पाना हातात घेतलाच नाही. "पहिले तीन-चार आटे बोटांनी. बोटांना अडलं तर काढायचं आणि पुन्हा पहिल्यापासून. पाना घेऊन जबरदस्ती केली की आटे मरतात. शेवटी पान्याने अगदी थोडंसं."

"शिलाईचं मशीनही असंच," मास्तर म्हणाले. "अडलं की चाक दाबायचं नाही. थांबायचं."

तारा लावायची वेळ आली. बाईंनी नंबर वाचून लावल्या. पंख्याकडून पहिला प्लग, त्यावर एक नंबरची तार; मग दोन, मग तीन, मग चार.

"आजी, ही एक नंबरची किती ताणलीय बघ," भिंगरी म्हणाली. "माझी वेणी घट्ट घातल्यावर होते तशी."

"जुनी झालीय. आटली असेल," बाई म्हणाल्या. भिंगरी काहीतरी विचारात पडली, पण तेवढ्यात मास्तर ओरडले, "एक चिंधी! माझी लाल चिंधी परत आली नाही!" सगळ्यांच्या लक्षात आलं की ती अजून कार्ब्युरेटरच्या तोंडावरच आहे. तसंच सुरू केलं असतं तर ढमीने ती नूडल्ससारखी आत ओढली असती. या गडबडीत ताणलेल्या तारेचा विषय राहून गेला. अंड्यांचा ट्रे रिकामा झाला. एकही अंडं उरलं नाही.

*

अडीच वाजता बाई गाडीत बसल्या. वाळूची बादली जवळ ठेवली होती आणि बॉनेटपासून पाच पावलांवर खडूची रेघ मारली होती. "कुणीही रेघेच्या आत येणार नाही."

किल्ली फिरली. खर्र, खर्र, खर्र... आणि कार्ब्युरेटरच्या तोंडातून असा आवाज आला, की पत्र्यावरची तीन कबुतरं उडाली.

फट्ट!

"शिंकली," भिंगरी म्हणाली.

पुन्हा किल्ली. खर्र, खर्र, फट्ट! या वेळी काळ्या धुराची एक गोल रिंग बाहेर आली आणि सावकाश तरंगत शेडच्या दाराकडे गेली. दारात, त्याच क्षणी, पांढराशुभ्र शर्ट घातलेला भंगारवाला आत पाऊल टाकत होता. रिंग त्याच्या छातीवर विसावली.

"नमस्कार," तो खाली बघत म्हणाला. "मी जरा लवकर आलो का?"

"दीड तास," बाई म्हणाल्या.

त्याच्या मागून क्रेनवाला डोकावला. तो धिप्पाड, गालफडात काहीतरी चघळणारा. त्याने ढमीकडे पाहून "हिला उचलायला क्रेन कशाला, मीच पुरे" असं म्हटलं आणि बाईंनी त्याच्याकडे असं पाहिलं, की त्याने चघळणं थांबवलं.

तीन वाजले. सव्वातीन झाले. बाईंनी सगळं तपासलं. पेट्रोल येत होतं. ठिणगी पडत होती. कालच चार्ज करून आणलेली बॅटरी दमदार होती. आणि ढमी प्रत्येक वेळी तोंडावर शिंकत होती. मास्तरांनी नकळत खिशातून टेप काढून शेडची लांबी मोजली आणि बाईंनी पाहिल्यावर आपण टेपच्या घड्या घालत होतो असं दाखवलं.

बाई पाण्याचा तांब्या घेऊन पायरीवर टेकल्या. हात काळे, कपाळ काळं. डोळ्यांत पाणी येईल की काय अशी वेळ होती. पण चौतीस वर्षांची एक सवय त्यांना होती. स्वतःला अडलं की त्या वर्ग घेत. दुसऱ्याला समजावून सांगता सांगता आपली गाठ सुटते, हा त्यांचा अनुभव होता.

"चार खुर्च्या आणा," त्या उठून म्हणाल्या.

"बाई, घड्याळ," मास्तर म्हणाले.

"चार खुर्च्या. ओळीत, माझ्याकडे तोंड करून. तुम्हीही या हो, असे उभे काय राहिलात?" हे भंगारवाल्याला होतं. "आणि तुम्ही, क्रेन. या."

बाईंचा आवाजच असा होता, की दोघे धंदा विसरून आत आले. भंगारवाल्याने तर बसायच्या आधी, कित्येक वर्षांनी, नखं पाहिली.

"चौघं मिळून एक इंजिन. तुम्ही एकेक दट्टा. दट्टा वर आला म्हणजे उभं राहायचं, खाली गेला म्हणजे बसायचं. एक आणि चार एकदम उभे, तेव्हा दोन आणि तीन बसलेले. मग उलट. कळलं?"

"मग भांडण नाही होणार? दोघं एकदम वर?" क्रेनवाल्याने विचारलं.

"छान प्रश्न!" बाईंचा चेहरा उजळला. "दोघं उभे, पण ठिणगी एकालाच. त्याच्या छातीत पेट्रोल दाबून भरलंय. त्याने ओरडायचं, फट्! दुसरा त्या वेळी जळका धूर बाहेर सोडतोय. त्याने म्हणायचं, हुश्श! ठिणगीचा क्रम एक, तीन, चार, दोन. मी पट्टीने टपली मारीन, ती ठिणगी. चला, नंबरवार बसा. मास्तर एक, भिंगरी दोन, भंगार तीन, क्रेन चार. डावीकडून!"

भिंगरी आणि पाहुणे आपापल्या खुर्च्या धरून बसू लागले. मास्तर मात्र ठामपणे चालत गेले आणि दुसऱ्याच टोकाला, क्रेनवाल्याच्या मांडीवर जवळजवळ बसले.

"अहो, ते कुठे? एक नंबर डावीकडे!"

"हीच डावी."

"ती उजवी! मी तुमच्याकडे तोंड करून उभी आहे ना? वर्गात डावीकडे म्हटलं की मुलांची डावी. माझी नाही. चौतीस वर्षं मी समोरच्याची डावी सांगत आलेय!"

"आणि मीही समोरच्याचीच ऐकत आलोय!" मास्तर म्हणाले. "गिऱ्हाईक समोर उभं राहून म्हणतं, डाव्या खिशाला झाकण लावा. ती त्याची डावी असते, माझी नाही. तुम्ही समोर होता. डावी म्हणालात. मी तुमची घेतली."

क्रेनवाला पुन्हा चघळू लागला.

भिंगरी खुर्चीवर उभी राहिली. "आजोबा, सकाळी तारांना नंबर शिवताना कुणाची डावी घेतलीत?"

मास्तरांनी बाईंकडे पाहिलं. बाईंनी मास्तरांकडे. मग सगळ्यांनी बॉनेटकडे पाहिलं.

"म्हणजे एकच्या जागी चारची तार," बाई हळू म्हणाल्या, "आणि दोनच्या जागी तीनची. म्हणजे एकाने छाती भरून ठिणगीची वाट बघायची आणि टपली मात्र हुश्श करणाऱ्याला. त्याचं पुढचं पेट्रोल आत येतंय तोच ठिणगी! मग ती पेट्रोलच्या वाटेने उलटी बाहेर येणार नाही तर काय? म्हणून तार ताणली होती! भिंगरे, तू सांगत होतीस आणि मी ऐकलं नाही."

दारात दोन माणसं एकमेकांना "आधी तुम्ही, आधी तुम्ही" करत अडकून बसावीत, तसं झालं होतं. बाईंनी मास्तरांची डावी दिली, मास्तरांनी बाईंची घेतली, आणि ढमी मधल्यामधे शिंकत राहिली.

पण भंगारवाला धंदेवाईक माणूस. तो गालातल्या गालात हसला. "मास्तर, टेबल पाहिजे म्हणून बरीच बारीक शिलाई केलीत हं!"

बाईंनी चष्म्यावरून मास्तरांकडे पाहिलं. कॉपी सापडलेल्या मुलाकडे त्या पाहत तसं. "मास्तर," त्या म्हणाल्या, "खरं सांगा."

मास्तरांचा चेहरा उतरला. आणि ओठांत टाचण्या नसताना, कित्येक वर्षांत पहिल्यांदा, ते तोंड पूर्ण उघडून बोलले.

"टेबल मला हवंय. आजही हवंय. पण माझ्या हातचं लेबल चुकवून मिळालेलं टेबल मला नकोय, बाई. त्यावर मला सरळ कापताच येणार नाही."

बाईंना लाज वाटली. त्यांनी पट्टी खाली ठेवली आणि बॉनेटपाशी जाऊन मास्तरांसाठी जागा करून दिली. या वेळी दोघे एकाच बाजूला उभे राहिले. चाराला पंधरा मिनिटं होती.

"नुसत्या तारा बदलूया," बाई म्हणाल्या. "लेबलं राहू देत."

"चुकीचं लेबल लावून माझ्या हातून रुमालसुद्धा बाहेर जात नाही," मास्तर म्हणाले आणि त्यांनी टाके उसवायला घेतले.

"अहो, वेळ!"

"दुहेरी टाका आहे. दुहेरी वेळ लागणार."

बाई तारा बदलत होत्या, मास्तर त्याच तारांना लोंबकळत उसवत होते आणि पुन्हा शिवत होते. भंगारवाला घड्याळ धरून उभा होता. पण क्रेनवाल्याच्या मनाने भलताच पक्ष घेतला होता.

"मला माझी ठिणगी मिळाली पाहिजे," तो म्हणाला. "मी चार नंबर आहे. सकाळपासून माझी तार दुसऱ्याला दिलीय यांनी."

"अरे, तू माझ्याकडे कामाला आहेस!" भंगारवाला म्हणाला.

"ते क्रेनवर. इथे मी इंजिनात आहे."

चाराला सात मिनिटं असताना मास्तरांनी शेवटचा दोरा दातांनी तोडला. बाई गाडीत बसल्या. सगळे रेघेबाहेर गेले. किल्ली फिरली. खर्र, खर्र...

"एक," भिंगरी पुटपुटली. "तीन. चार..."

आणि ढमी सुरू झाली. आधी घसा खाकरल्यासारखी, मग थोडी थरथरत, आणि मग एकसारखी, भरल्या आवाजात. मागच्या नळीतून आठ महिन्यांचं काजळ एकदम बाहेर पडलं. सुदैवाने भंगारवाल्याच्या शर्टाची दुसरी बाजू अजून रिकामी होती.

क्रेनवाला खुर्चीवरून ताडकन उठला आणि ओरडला, "फट्!"

"बसा हो चार नंबर, तुमची पाळी झाली!" भिंगरी किंचाळली आणि मागच्या सीटवर उडी मारून बसली. मास्तर पुढे, बाईंच्या शेजारी बसले. ढमी शेडच्या बाहेर निघाली, कुंपणाशी उभ्या राहिलेल्या शेजारणीच्या समोरून गेली ("बरी झाली का हो ढमी?" "बरी झाली!"), आणि गल्लीतून टाकीच्या दिशेने धावू लागली. बाईंचे गुडघे त्या वेळी दुखत होते की नाही, हे त्यांना आठवत नाही.

टाकीशी पोचल्यावर मास्तरांनी मागे वळून रस्ता पाहिला. "आता डावीकडून वळवून घ्या," ते म्हणाले.

बाईंनी काही न विचारता गाडी वळवली. दोघांची तोंडं आता एकाच दिशेला होती.

चाराला एक मिनिट असताना ढमी शेडमध्ये परतली. तिथे भंगारवाला आणि क्रेनवाला समोरासमोर खुर्च्या टाकून भांडत होते. तीन नंबरनंतर चार येतो की दोन. बाईंनी दोघांना फळ्यावर काढून समजावलं. क्रेनवाल्याने आकृती उतरवून नेली.

मास्तरांनी शब्द पाळला. टेबलाचं नाव काढलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र ते ढमीच्या डिकीच्या सपाट पाठीवर हात फिरवत उभे दिसले. लांबी बरी होती. रुंदी बरी होती. बाईंनी पाहिलं, भिंतीशी टेकलेला फळा उचलला आणि डिकीवर आडवा ठेवून दिला. फळ्यावर सह्या होत्या, त्या पुसल्या. त्यावर खडूची रेघ छान उमटते, हे मास्तरांना पहिल्याच कापडात कळलं. तेव्हापासून आमटीत खडू पडलेला नाही. अट एकच, बाईंनी निघण्याआधी सांगायचं.

ते त्या एकदा विसरल्या. वारा छान सुटला होता, किल्ली हातात आली, ढमी पहिल्या खेपेला सुरू झाली आणि बाई निघाल्या. मागे फळा, फळ्यावर एका शाळकरी मुलाची अर्धी कापलेली पँट, आणि त्याच्याही मागे, एका हातात कात्री घेऊन धावणारे मास्तर.

"बाई, थांबा! डावा पाय पडला!"

बाईंनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "कुणाचा डावा?"

"गिऱ्हाइकाचा!"